विज्ञानाची परीक्षा हट्ट्यापर्यंत कशी आली



परीक्षा म्हटली की आपल्याला निकाल आठवतो. मुलगा पास झाला तर पेढे. नापास झाला तर दोन दिवस घरात कुणाला घास गोड लागत नाही. यापलीकडे परीक्षेचा विचार आपण सहसा करीत नाही. पण गडकिल्ल्यांना आणि राजवटींना जसा इतिहास असतो, तसा परीक्षेलाही असतो. ती कुणी सुरू केली, कोणत्या भाषेत घेतली, तिला कोण बसू शकत होते आणि कोण नाही, आणि तिने मुलाचे नेमके काय मोजले, हे सारे प्रश्न इतिहासाचेच आहेत. मी इतिहासाचा शिक्षक, विज्ञानाचा नव्हे. तरीही विज्ञानाच्या परीक्षेची हकीकत आज तुम्हांला सांगणार आहे, कारण तिच्यात आपल्या मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतील मुलांचे पुष्कळ बरेवाईट गुंतलेले आहे.

उदाहरणासाठी एक गाव घेऊ. हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यात हट्टा म्हणून गाव आहे. हा सारा मुलूख हळदीचा. आज हट्ट्याच्या शाळेत आठवीत शिकणारी एखादी मुलगी राष्ट्रीय शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसली, तर तिच्या पुढ्यात विज्ञानाचे जे प्रश्न येतात, तेच प्रश्न त्याच दिवशी गडचिरोलीच्या आणि सिंधुदुर्गाच्या मुलीपुढेही येतात. तिची उत्तरपत्रिका ज्या मापाने मोजली जाते, त्याच मापाने पुण्याच्या मुलीचीही मोजली जाते. आपल्याला यात काही विशेष वाटत नाही. पण एवढी साधी गोष्ट घडून यायला दीडशे वर्षे लागली.

आपल्याकडे आधुनिक परीक्षेची सुरुवात झाली ती मुंबईस. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ साली त्याची पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हे त्या पहिल्या तुकडीतलेच. मॅट्रिक म्हणजे विद्यापीठाचा दरवाजा. त्या दरवाजावर जे विचारले जाई, तेच खालच्या शाळांतून शिकविले जाई. मुलांनी काय शिकावे, हे त्यांच्या गावाने किंवा शाळेने ठरविले नाही. ते पदवी देणाऱ्या विद्यापीठाने ठरविले. हा रिवाज तेव्हापासून जो पडला तो आजतागायत पुरता मोडलेला नाही.

गंमत पाहा, त्याच सुमारास, म्हणजे १८६० च्या आगेमागे, खुद्द इंग्लंडातही असाच एक प्रयोग चालू होता. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथे विज्ञान आणि कला यांचे एक सरकारी खाते होते. त्याने देशभर विज्ञानाच्या सामाईक परीक्षा सुरू केल्या, आणि जितके विद्यार्थी पास होतील तितके पैसे शिक्षकाला द्यायचे असा नियम केला. हेतू चांगला होता. कारागिरांच्या, मजुरांच्या मुलांना विज्ञान मिळावे, गावोगाव वर्ग निघावेत, हा तो हेतू. वर्ग निघालेही. परंतु पासावर पैसे मिळू लागल्यावर शिक्षकाने काय करावे? ज्यातून गुण मिळतात तेच त्याने घोकून घेतले. सर्वांना एका मापाने मोजणारी परीक्षा विज्ञानाला खेड्यात घेऊन जाते खरी, पण कसले विज्ञान नेते ते प्रश्नपत्रिकेवर अवलंबून राहते. हे एवढे सूत्र ध्यानात ठेवा, पुढच्या सगळ्या हकिकतीत ते वारंवार भेटणार आहे.

आता आपल्याकडे येऊ. मुंबईला मॅट्रिक होत होती तेव्हा हट्टा मुंबई इलाख्यात नव्हतेच. वसमत तालुका होता परभणी जिल्ह्यात, आणि परभणी जिल्हा होता निजामाच्या हैदराबाद संस्थानात. तेव्हा आपल्या वडीलधाऱ्यांची परीक्षा वेगळी होती. १९१७ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठाचे फर्मान निघाले. त्या विद्यापीठाचे माध्यम ठरले उर्दू. त्याच साली भाषांतरासाठी एक स्वतंत्र खाते काढण्यात आले आणि पदार्थविज्ञान, रसायन, गणित, वैद्यक अशा विषयांची पुस्तके उर्दूत उतरविण्याचे काम त्याने हाती घेतले.

या प्रयत्नाला नावे ठेवण्यापूर्वी थोडा विचार करा. इंग्रजीवाचून वरचे विज्ञान शिकविताच येणार नाही, असे सारा देश मानत होता, त्या काळात एका देशी भाषेत ते शिकवून दाखविण्याची हिंमत उस्मानियाने केली. ती मोठीच गोष्ट होती. पण हट्ट्याच्या मराठी मुलाच्या दृष्टीने पाहा. त्याच्या घरी मराठी, हायस्कुलात उर्दू, आणि शिवाय इंग्रजी सक्तीची. विज्ञान देशी भाषेत आले खरे, पण ती त्याच्या घरातली भाषा नव्हती. ज्या प्रश्नाचे उत्तर त्याला बांधावर उभे राहून सांगता आले असते, तोच प्रश्न कागदावर आला की त्याला परका होई. शिवाय हायस्कूल गाठायचे म्हणजे तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी जाऊन राहायचे. ते किती घरांना परवडावे?

या अडचणीतूनच मराठवाड्यात राष्ट्रीय शाळांची चळवळ उभी राहिली. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईची योगेश्वरी शाळा ही तिची ठळक ठाणी. स्वामी रामानंद तीर्थ हे या दोन्ही ठिकाणी शिक्षक म्हणून राबले, हे आपण जाणताच. स्वामीजींना आपण मुक्तिसंग्रामाचे सेनानी म्हणून ओळखतो. त्यांच्या कामाची सुरुवात मात्र वर्गात झाली होती. मुलाला त्याच्या भाषेत शिकता यावे, ही मागणीही त्या लढ्याच्या पोटात होती.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद मुक्त झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाड्याचे पाच जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. नकाशा बदलला, तशी परीक्षाही बदलली. मुंबई प्रांतात १९४८ सालीच एस.एस.सी. परीक्षेचा कायदा झाला होता. शाळा सुटण्याची परीक्षा विद्यापीठाच्या हातून काढून स्वतंत्र मंडळाकडे देण्याची ती सुरुवात होती. पुढे १९६५ चा कायदा होऊन १ जानेवारी १९६६ पासून सबंध महाराष्ट्रासाठी एक माध्यमिक शिक्षण मंडळ अस्तित्वात आले. त्या दिवसापासून हट्ट्याचा मुलगा आणि गिरगावचा मुलगा यांच्यासाठी एकच राज्यमंडळ झाले. आज हिंगोली जिल्हा छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय मंडळाखाली येतो. हिंगोली हा जिल्हाही तसा लहान वयाचा. १ मे १९९९ रोजी तो परभणीतून वेगळा झाला.

मंडळ एक झाले, पण विज्ञान सर्वांना होते काय? नव्हते. जुन्या अकरावीच्या एस.एस.सी.त विषय निवडण्याची बरीच मोकळीक होती. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने सामान्य विज्ञान सर्वांनी शिकावे असे सुचविले होते. १९५८ साली केंद्र सरकारने परीक्षा सुधारण्यासाठी एक स्वतंत्र विभाग काढला. अमेरिकेतल्या शिकागोचे शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांचा सल्ला या कामी घेतला होता. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की प्रश्न नुसत्या आठवणीचा नसावा. समजले आहे काय, वापरता येते काय, हेही त्याने तपासावे. पुढे १९६४ ते ६६ या काळात कोठारी आयोगाने पहिल्या दहा वर्षांत गणित आणि विज्ञान सर्व मुलामुलींना सक्तीचे असावे अशी शिफारस केली. १९६८ च्या राष्ट्रीय धोरणाने ती उचलून धरली. आपल्या राज्यात ती खऱ्या अर्थाने अमलात आली १९७५ साली. त्या वर्षी नव्या आकृतिबंधाची दहावीची पहिली परीक्षा झाली.

१९७५ हे साल फारसे कुणाच्या लक्षात नाही. पण माझ्या मते खेड्यातल्या शिक्षणाच्या इतिहासात त्याला मोठे मोल आहे. विज्ञान निवडायचे की नाही हा प्रश्नच त्या सालापासून मिटला. मुलीला विज्ञान कशाला, असे म्हणणाऱ्याचे तोंड प्रश्नपत्रिकेने बंद केले. ज्या शाळेत विज्ञानाचा शिक्षक नव्हता, तिला तो शोधणे भाग पडले. पण नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जिथे प्रयोगशाळा नव्हती, शिक्षक उशिरा आला किंवा आलाच नाही, तिथल्या मुलांनाही तीच परीक्षा द्यावी लागली. शहरातल्या मुलाने काचेच्या नळीत जे पाहिले, ते खेड्यातल्या मुलाने आकृती गिरवून पाठ केले. दोघांचे माप एकच, पण मापापर्यंत पोचण्याची वाट एक नव्हती.

आता या मुख्य रस्त्याला समांतर जाणारी दुसरी वाट पाहू. ती हुशार मुले शोधण्याची. १९६३ साली दिल्लीपुरती आणि १९६४ पासून देशभर, राष्ट्रीय विज्ञान प्रतिभा शोध योजना सुरू झाली. अकरावीच्या मुलांतून दर वर्षी ३५० जणांना शिष्यवृत्ती देण्याची ती योजना होती, आणि मूलभूत विज्ञान शिकणाऱ्याला थेट डॉक्टरेटपर्यंत मदत मिळे. निवड कशी होई ते लक्षपूर्वक ऐका. विज्ञानाची अभियोग्यता चाचणी असे. एखाद्या वैज्ञानिक विषयावर निबंध लिहावा लागे. स्वतः केलेल्या प्रकल्पाचा अहवाल द्यावा लागे. आणि शेवटी मुलाखत. म्हणजे मुलाचे डोके, त्याची लेखणी, त्याचा हात आणि त्याची वाणी, चारही पाहिली जात.

१९७६ साली योजनेचा विस्तार झाला. सामाजिक शास्त्रे, वैद्यक, अभियांत्रिकी हेही तिच्यात आले, शिष्यवृत्त्या ५०० झाल्या. विस्तार स्वागतार्हच होता. पण निबंध आणि प्रकल्प गळाले. पर्याय निवडण्याच्या दोन चाचण्या आणि मुलाखत एवढेच उरले. १९८५ पासून पहिला टप्पा राज्यांकडे आला. त्यामुळे दूरच्या मुलांनाही संधी मिळाली. २०१३ पासून मुलाखतही गेली. २०२१ नंतर तर ती परीक्षाच थांबली.

यात कुणा एकाचा दोष आहे असे मी म्हणत नाही. पाचशे मुलांचे प्रकल्प पाहणे जमते, पाच लाखांचे पाहायचे कुणी? परीक्षेला बसणारे वाढले की तपासणारे कमी पडतात. तपासनीस बदलला की गुण बदलतात, मग न्यायाचा प्रश्न येतो. तेव्हा सर्वांत निर्विवाद मार्ग म्हणून चार पर्यायांपैकी एक गोल काळा करण्याची पद्धत येते. यंत्र ना शहर ओळखत, ना खेडे, ना जात, ना आडनाव. या अर्थाने गोलाचा न्याय चोख आहे. पण त्या गोलात प्रयोग मावत नाही. माझ्या मते या सगळ्या इतिहासाचे मर्म इथे आहे. परीक्षेचा दरवाजा जसजसा रुंद होत गेला, तसतसा हातांनी करून पाहण्याचा भाग आतून बाहेर ढकलला गेला.

याला एक चांगला अपवाद आपल्याच राज्यात आहे. १९८१ साली बृहन्मुंबईतल्या विज्ञान अध्यापकांच्या मंडळाने डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सुरू केली. कुठल्या मंत्रालयाने नव्हे, शाळेत शिकविणाऱ्या शिक्षकांनी सुरू केलेली ही स्पर्धा. सहावी आणि नववीची मुले तिला बसतात. पहिला टप्पा लेखी. त्यात निवडलेल्यांची प्रात्यक्षिक परीक्षा होते; मुलाला प्रत्यक्ष साहित्य देऊन प्रयोग करायला लावतात. त्यापुढे जाणाऱ्यांना एखाद्या प्रश्नावर स्वतः शोध घेऊन कृतिप्रकल्प करावा लागतो आणि मुलाखत द्यावी लागते. मुंबईत निघालेली ही स्पर्धा पुढे राज्यभर पसरली. १९७६ साली राष्ट्रीय परीक्षेने जो हात सोडला, तो या शिक्षकांनी धरून ठेवला, असे म्हटले तर ते वावगे होणार नाही. मात्र तिचे शुल्क, पुस्तके, पुढच्या टप्प्यांसाठी करावा लागणारा प्रवास, याचा हिशेब रोजंदारीवर चालणाऱ्या घराने मांडला की पाऊल मागे येते, हेही खरेच आहे.

मग कुणी म्हणेल, खेड्यातली, गरिबांची मुले विज्ञानात मागे पडतात ती कुवतीनेच कमी असतील. याचे उत्तरही आपल्याकडे शोधले गेले आहे, आणि ते प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असायला हवे. १९७४ साली मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आश्रयाने होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र निघाले. डॉ. वि. गो. कुलकर्णी हे त्याचे संस्थापक संचालक. केंद्राने आपले आरंभीचे काम मुंबईच्या नामांकित शाळांत केले नाही. जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याच्या परिसरातील खेड्यांत केले. पुढे मुंबई महापालिकेच्या शाळांतून, झोपडपट्टीत राहणारी मुले निवडून त्यांना दहावीपर्यंत नीट मार्गदर्शन केले. निष्कर्ष काय निघाला? मुले मागे पडतात ती बुद्धीमुळे नव्हे. त्यांच्या अडचणी दूर करता येण्याजोग्या असतात. आणि त्या अडचणींत एक मोठी अडचण भाषेची होती. पुस्तकातले विज्ञान अवघड नव्हते, पुस्तकातली वाक्ये अवघड होती. मजकूर सोपा करून दिला की त्याच मुलांना तेच विज्ञान समजू लागले.

पाहा, उस्मानियाच्या काळात भाषा आड आली होती, आणि मराठी माध्यम आल्यावरही ती पुरती हटली नाही. घरातली मराठी निराळी आणि पुस्तकातली निराळी. ‘द्रावणाचे संपृक्तीकरण’ म्हटले की मुलगा गप्प बसतो. पण पाकात साखर विरघळेनाशी झाली की काय होते, असे विचारा. तो लगेच सांगेल. तेव्हा मुलगा परीक्षेत चुकला, तर तो विज्ञानात चुकला की मराठीत, हे आधी पाहिले पाहिजे.

आता वर्तमानाकडे वळू. आज हट्ट्यासारख्या गावातल्या आठवीच्या मुलासाठी सर्वांत मोलाची राज्यस्तरीय परीक्षा कोणती? माझ्या मते राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची. २००७-०८ पासून ती आपल्या राज्यात सुरू आहे आणि पुण्याची राज्य परीक्षा परिषद ती घेते. जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत शिकणाऱ्या आणि घरचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असणाऱ्या मुलांसाठी ती आहे. ९० गुणांची बौद्धिक क्षमता आणि ९० गुणांची शालेय क्षमता. या दुसऱ्या भागात ३५ गुण विज्ञानाचे, ३५ समाजशास्त्राचे, २० गणिताचे. निवड झाली की नववी ते बारावी दरमहा १,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये. देशात दर वर्षी एक लाख शिष्यवृत्त्या, त्यांपैकी ११,६८२ महाराष्ट्राच्या वाट्याच्या, आणि त्या जिल्ह्याजिल्ह्यांत वाटलेल्या. म्हणजे हट्ट्याच्या मुलीची चुरस पुण्याच्या मुलीशी नसते, आपल्याच जिल्ह्यातल्या मुलांशी असते.

पालकहो, नववीनंतर मुलीची शाळा सुटते ती पुष्कळदा हजार-दोन हजारांपायी. बसचा पास, वह्या, गणवेश. अशा घरात महिन्याचे हजार रुपये म्हणजे ती मुलगी बारावीपर्यंत शाळेत राहणे. इथे विज्ञानाचे ३५ गुण हे केवळ गुण राहत नाहीत. शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्या शाळेतली किती पात्र मुले या परीक्षेला बसली आणि किती अर्ज न भरल्यामुळे राहिली, हा आकडा दर वर्षी एकदा तरी फळ्यावर लिहून पाहावा.

पण दुसरीकडे पाहिले तर काय दिसते? २०१७ पासूनच्या आपल्या राज्याच्या पाचवी-आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेत भाषा, गणित, इंग्रजी आणि बुद्धिमत्ता होती, विज्ञान नव्हते. २०२३-२४ साली तिसरी ते आठवीसाठी राज्यभर ज्या नियतकालिक चाचण्या झाल्या, त्याही प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी यांच्या. आणि मघाचे सूत्र आठवा, जे विचारले जाते तेच शिकविले जाते. ज्या विषयाची विचारणा होत नाही, त्याचा तास दुसऱ्या विषयाच्या सरावात जातो. मग दहावीला मुलगा एकदम विज्ञानाच्या दोन प्रश्नपत्रिकांपुढे येऊन उभा राहतो. दोन्ही मिळून ८० गुणांची लेखी आणि २० गुणांचे प्रात्यक्षिक. दर वर्षी राज्यात पंधरा-सोळा लाख मुले ही परीक्षा देतात. ते २० गुण अनेक ठिकाणी कसे पडतात, हे मी सांगायला नको. आपणच ते देणारे आहात.

योगायोग असा, की दहावीची परीक्षा येते त्याच दिवसांत वसमतच्या शिवारात हळद शिजत असते. कढईच्या वाफेत उभी असणारी मुलगी सकाळी पेपर देते आणि दुपारी शेतात असते. प्रश्नपत्रिकेत एक गुणाचा प्रश्न येऊ शकतो: हळद हा कशाचा दर्शक आहे? चार पर्याय. ती पाठ केलेले उत्तर लिहिते. पण घरच्या हळदीच्या पाण्यात चिमूटभर चुना टाकून ते पाणी लाल झालेले तिने शाळेत कधी पाहिले आहे काय? त्यावर लिंबू पिळले की पुन्हा पिवळे होते, हे पाहिले आहे काय? देव्हाऱ्यातल्या कुंकवाचा रंगही हळद आणि चुना यांच्या याच नात्यातून आलेला असतो, हे तिला कुणी सांगितले आहे काय? त्या प्रयोगाला प्रयोगशाळा नको, निधी नको. दोन वाट्या पुरतात. हळदीच्या मुलखातल्या मुलीने हळदीचा रसायनधर्म पुस्तकातून पाठ करावा, यापरते दुर्दैव कोणते?

शेवटी एक गोष्ट सांगतो, आणि ती आपल्याच जिल्ह्यातली आहे. औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळा गावाजवळ ‘लायगो-इंडिया’ नावाची वेधशाळा उभारायचे भारत सरकारने ठरविले आहे. गुरुत्वीय लहरी टिपण्याचे काम ती करणार आहे. दूर अंतराळात दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळतात, तेव्हा अवकाशातच सूक्ष्म थरथर उठते. ती थरथर अमेरिकेतल्या अशाच वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिल्यांदा टिपली. आपल्या वेधशाळेला फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः मान्यता मिळाली आणि एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यांत मोजायचा तो फरक अणूच्या गाभ्याहूनही कितीतरी लहान. जगातली एक अत्यंत नाजूक मोजणी आपल्या जिल्ह्यात व्हायची आहे.

तिथे जमीन आपल्या मुलखाची असेल. रस्ता, भिंती, पहारा, स्वयंपाक यांसाठी आपली माणसे लागतील. पण आत, त्या यंत्रापुढे, कोण बसेल? हट्ट्याची, कळमनुरीची, सेनगावची मुलगी तिथे बसायची असेल तर ती आजच सहावीत किंवा आठवीत आहे. तिला कोणी नुसते चार पर्याय दिले, तर ती चांगले गुण मिळवील आणि दाराबाहेर थांबेल. मोजायचे कसे, मोजण्यात चूक कुठे शिरते, दोनदा मोजले तर दोन उत्तरे का येतात, हे तिने हातांनी केले, तर आत जाण्याची वाट तिला सापडू शकेल.

म्हणून शिक्षक मित्रांना माझी विनंती अगदी लहानशी आहे. राज्याची सामाईक परीक्षा टाकाऊ आहे असे मी म्हणणार नाही. उलट, ती नसती तर हट्ट्याच्या मुलीची हुशारी गावाच्या वेशीबाहेर कुणाला कळलीच नसती. ती राहू द्या, तिची तयारी कसून करून घ्या, अर्ज एकही सुटू देऊ नका. पण त्या परीक्षेने जे सोडून दिले, ते आपल्या वर्गात परत आणा. आठवड्याला एक प्रश्न असा विचारा, की ज्याचे उत्तर करून पाहिल्यावाचून देता येणार नाही. पावसाळ्यात बाटली कापून पर्जन्यमापक करा, रोजचा पाऊस मुलांना लिहायला लावा आणि महिन्याच्या शेवटी तो आपल्या महसूल मंडळाच्या आकड्याशी ताडून पाहा. आकडे जुळले नाहीत तर रागावू नका. का जुळले नाहीत, हाच त्या दिवसाचा धडा. प्रश्न मुलांच्या बोलीत विचारा, आणि पुस्तकी शब्द त्यानंतर द्या. घटक चाचणीत पाच गुण अशा कामाला ठेवा. मग बघा, मुले स्वतःहून हळद आणि चुना घेऊन येतात की नाही.

आणि पालकांना एवढेच सांगेन, मुलगी शाळेतून आली की किती गुण मिळाले हे जरूर विचारा, पण त्याबरोबर आज काय करून पाहिलेस, हेही विचारा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुण्याहून छापून येते. दुसऱ्याचे तिने स्वतः द्यायचे असते.